शॅरन डेव्हिस: ‘डॉक्टर हू’च्या कॉमिकमधली विसरली गेलेली सहप्रवासी

‘डॉक्टर हू’ ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिली आहे, त्यांच्यातल्याही पुष्कळांना शॅरन डेव्हिस कोण हे सांगता येत नाही. यात त्यांची काही चूक नाही. शॅरन टीव्हीवर कधी आलीच नाही. ती फक्त कॉमिकमध्ये होती, आणि तिथेही फेब्रुवारी १९८० ते जानेवारी १९८१ एवढाच काळ. तरीही डॉक्टरबरोबर टार्डिसमधून फिरणारी पहिली कृष्णवर्णीय सहप्रवासी हा मान तिचा आहे. टीव्हीवर तो दिवस उजाडायला आणखी सव्वीस वर्षं जावी लागली.

मग इतकं महत्त्वाचं पात्र दुय्यम कसं राहिलं? माझ्या मते याचं उत्तर शॅरनच्या स्वभावात किंवा तिच्या कथांच्या दर्जात नाही. साप्ताहिकातलं कॉमिक कसं तयार होतं, त्यात सहप्रवाशाला काय काम दिलेलं असतं आणि अशा प्रचंड पसरलेल्या कथाविश्वात ‘खरी’ गोष्ट कुठली हे कसं ठरतं, या तीन गोष्टी समजल्या की शॅरनचं काय झालं ते समजतं.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरून आलेला काळप्रवासी. त्याचं यान म्हणजे टार्डिस. ते बाहेरून ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखं दिसतं आणि आत शिरलं की प्रचंड मोठं निघतं. डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजेच त्या भूमिकेत नवा नट येतो. त्याच्याबरोबर जवळजवळ नेहमी कुणीतरी असतं, बहुतेक वेळा पृथ्वीवरचं एखादं साधं माणूस. तोच सहप्रवासी.

सहप्रवाशाचं पहिलं काम प्रश्न विचारण्याचं. डॉक्टरला जवळजवळ सगळं माहीत असतं आणि वाचकाला काहीच माहीत नसतं. मधे कुणीतरी ‘हे काय आहे?’ असं विचारलं नाही, तर लेखकाला पानभर माहिती कोंबावी लागते. दुसरं काम संकटात सापडण्याचं, कारण कुणाला तरी सोडवायचं असल्याशिवाय कथा पळत नाही. तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर शेकडो वर्षं जगलेला आहे, त्याच्या नजरेपुढे अख्ख्या आकाशगंगा असतात. समोर रडणारं एक मूल किंवा जखमी झालेला एक जीव आधी दिसतो तो सहप्रवाशाला.

कॉमिकमध्ये यात आणखी एका कामाची भर पडते. टीव्हीवर नट नुसता चेहऱ्यानं विचार दाखवू शकतो. कागदावर एकटा डॉक्टर असला की त्याचे सगळे विचार फुग्यांमध्ये लिहावे लागतात आणि चौकटी मजकुरानं भरून जातात. बोलायला कुणी असलं की तीच माहिती संवादातून निघते, चित्राला जागा मिळते. कॉमिकमधला सहप्रवासी ही कथेइतकीच पानाच्या मांडणीचीही गरज असते.

मग टीव्हीवरचेच सहप्रवासी कॉमिकमध्ये का घेत नाहीत? कधीकधी घेतातही. पण डॉक्टरचं पात्र छापायचा परवाना मिळाला म्हणजे टीव्हीवरचं प्रत्येक पात्र वापरता येतं असं नाही, आणि जिवंत नटनट्यांचे चेहरे कागदावर काढायचे म्हटले की त्यांच्या हक्कांचा प्रश्न येतो. शिवाय वेळापत्रक जुळत नाही. टीव्हीवरचा सहप्रवासी मालिका सोडून गेला आणि इकडे त्याची कथा अर्धवट छापून झालेली असली, तर पंचाईत. म्हणून अगदी सुरुवातीपासून कॉमिकवाल्यांनी आपली स्वतःची माणसं तयार केली. १९६४मध्ये ‘टीव्ही कॉमिक’ या साप्ताहिकात डॉक्टरची पहिली चित्रकथा आली, तेव्हा त्याच्याबरोबर जॉन आणि जिलियन ही दोन नातवंडं होती. टीव्हीवर त्यांचा मागमूस नव्हता. पुढे १९८४मध्ये फ्रोबिशर आला. हा रूप बदलणारा परग्रहवासी बहुतेक वेळा पेंग्विनच्या रूपात फिरायचा. चित्रकाराला पेंग्विन काढायला वेगळा खर्च येत नाही. त्या काळी टीव्हीवर तेच करायचं म्हटलं असतं तर निर्मात्यांनी हात जोडले असते.

या परंपरेत शॅरन आली.

ऑक्टोबर १९७९मध्ये मार्व्हल कंपनीच्या ब्रिटिश शाखेनं ‘डॉक्टर हू वीकली’ हे साप्ताहिक सुरू केलं. संपादक होते डेझ स्किन. त्या वेळी टीव्हीवर लांब मफलरवाला चौथा डॉक्टर, म्हणजे टॉम बेकर, लोकप्रियतेच्या शिखरावर होता. साप्ताहिकातली मुख्य चित्रकथा लिहायला आले पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर. मिल्स यांनी दोनच वर्षांपूर्वी ‘२००० एडी’ हे विज्ञानकथांचं गाजलेलं कॉमिक उभं केलं होतं, आणि त्यातला जज ड्रेड घडवण्यात वॅग्नर यांचा मोठा वाटा होता. चित्रं डेव्ह गिबन्स यांची. सहा-सात वर्षांनी ‘वॉचमेन’ची चित्रं काढून जगभर नाव झालेले गिबन्स ते हेच. दर आठवड्याला चार-पाच काळीपांढरी पानं, शेवटच्या चौकटीत कुणाचा तरी जीव टांगणीला, आणि पुढचं पुढच्या अंकात. ‘क्रमशः’ या शब्दावर आठवडा काढलेल्या मराठी वाचकाला यातली ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

पहिल्या कथांमध्ये डॉक्टरबरोबर माणूस कुणी नव्हतं. रोबो-कुत्रा के-नाइन तेवढा होता. एकोणिसाव्या अंकापासून, २० फेब्रुवारी १९८०च्या तारखेनं, ‘द स्टार बीस्ट’ सुरू झाली आणि आठ भाग चालली.

ही कथा घडते ब्लॅककॅसल या उत्तर इंग्लंडमधल्या काल्पनिक पोलादनगरात. तिथे एक अंतराळयान कोसळतं. शॅरन आणि तिचा मित्र फज हिगिन्स या दोन शाळकरी मुलांना त्यातून वाचलेला एक जीव सापडतो. मऊ लोकरीचा, मोठाल्या डोळ्यांचा, लांब कानांचा. नाव बीप, जात मीप. त्याच्या मागावर रार्थ नावाचे शिपाई आहेत, बघताच धडकी भरावी असे, किड्यांसारखे. मुलं बीपला लपवतात. कुणीही लपवलं असतं.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. रार्थ हे पोलीस आहेत आणि बीप युद्धगुन्हेगार. मीप ही एके काळची शांतताप्रिय जमात. एका काळ्या सूर्याच्या किरणोत्सर्गानं त्यांची बुद्धी फिरली आणि ते जग जिंकायला निघाले. बीप त्यांचा सर्वोच्च नेता. त्याचं यान पुन्हा उडालं तर ब्लॅककॅसल नकाशावर उरणार नाही, आणि त्याला त्याची तिळमात्र पर्वा नाही.

इथे मिल्स आणि गिबन्स यांनी कॉमिकच्या माध्यमाचा जो उपयोग केला आहे, तो बारकाईनं पाहण्यासारखा आहे. कॉमिकमध्ये बोलण्याचा फुगा वेगळा आणि मनातल्या विचाराचा फुगा वेगळा. बोलण्याच्या फुग्याला टोक असतं, विचाराच्या फुग्याकडे छोट्या गोळ्यांची रांग जाते. चित्रात बीप गोजिरवाणा आहे, मुलांना बिलगतो आहे, आणि वरच्या विचारांच्या फुग्यात या मुलांना कसं मारता येईल याचा बेत चालला आहे. शॅरनला तो फुगा दिसत नाही. वाचकाला दिसतो. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला नायिकेपेक्षा जास्त माहीत आहे, आणि तिला ओरडून सांगायची सोय नाही. टीव्हीवर हे इतक्या सहजपणे साधत नाही, त्यासाठी पार्श्वभूमीला आवाज द्यावा लागतो. कागदावर एका फुग्यानं काम होतं.

शॅरनचं पात्रही याच युक्तीमुळे उभं राहतं. ती मूर्ख म्हणून फसत नाही, दयाळू म्हणून फसते. तिच्याकडे जेवढी माहिती आहे तेवढ्यावरून तिचं वागणं अगदी बरोबर आहे: जखमी दिसणाऱ्याला आसरा द्यायचा. वाचक तिच्यावर रागावत नाही, तिच्यासाठी घाबरतो. सहप्रवाशाचं तिसरं काम मी वर सांगितलं, समोरचा एक जीव आधी दिसणं. ते काम ती डॉक्टरची गाठ पडण्याआधीच करत असते.

आणि ही मुलगी कृष्णवर्णीय आहे. या गोष्टीचा कथेत वेगळा विषय केलेला नाही. ती ब्लॅककॅसलची आहे, तिथल्या शाळेत जाते, तिथल्या मित्राबरोबर भटकते, बस. हे किती मोठं पाऊल होतं ते कळण्यासाठी तेव्हाचं ब्रिटन डोळ्यांसमोर आणावं लागतं. १९४८मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज कॅरिबियनमधून माणसं घेऊन आलं, त्यानंतर तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची ब्रिटनमध्ये जन्मलेली मुलं आता शाळा-कॉलेजांत होती. त्यांनी देश सोडून जावं अशी उघड मागणी करणारा नॅशनल फ्रंट हा पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत होता. एप्रिल १९७९मध्ये लंडनच्या साउथॉल भागात, जिथे पंजाबी वस्ती मोठी आहे, त्या पक्षाच्या सभेला विरोध करताना ब्लेअर पीच या शिक्षकाचा मृत्यू झाला. २ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात पोलिसांचा छापा आणि त्यानंतर दंगल झाली. ‘द स्टार बीस्ट’चे शेवटचे भाग त्याच आठवड्यांत दुकानांत होते.

अशा काळात बारा पेन्सच्या मुलांच्या साप्ताहिकात एक काळी मुलगी, कुठलाही खुलासा न देता, ब्रिटिश मुलगी म्हणून डॉक्टरशेजारी उभी राहिली. मला हे फार मोलाचं वाटतं. तिला दुःखी पार्श्वभूमी दिली नाही, तिच्यावर अन्याय होतो म्हणून डॉक्टर धावून आला असंही नाही. ती त्या गोष्टीची मालकीण असल्यासारखी गोष्टीत वावरते.

पुढच्या कथांबद्दल इतकं भरभरून लिहिता येत नाही. ‘द डॉग्ज ऑफ डूम’मध्ये डॅलेक हे डॉक्टरचे जुने शत्रू येतात आणि त्यांनी हाताशी धरलेले लांडग्यासारखे वेअरलॉक. त्यात डॉक्टरलाच त्यांची बाधा होते. कथा वेगवान आहे, चित्रं देखणी आहेत, पण शॅरनला करायला ‘स्टार बीस्ट’इतकं काही उरत नाही.

त्यानंतर लेखक बदलले. स्टीव्ह मूर आले. आणि ‘द टाइम विच’ या चार भागांच्या कथेत एक विलक्षण प्रकार घडला: काळाच्या एका फटीतून जाताना डॉक्टर आणि शॅरन दोघंही एकदम चार वर्षांनी मोठे होतात. शेकडो वर्षांच्या डॉक्टरला चार वर्षांनी काय फरक पडणार? शॅरन मात्र शाळकरी मुलीची तरुण बाई होते. तिचं वाढणं, चुका करणं, घरच्यांची आठवण येणं, यातलं काहीही आपण पाहत नाही. लेखकाला बरोबर मोठ्या वयाची व्यक्ती हवी असेल तर कॉमिकमध्ये ते एका चौकटीत होऊन जातं.

सप्टेंबर १९८०मध्ये साप्ताहिकाचं मासिक झालं. म्हणजे एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत महिना. गोष्टी आखूड झाल्या. ‘ड्रीमर्स ऑफ डेथ’ ही दोन भागांची कथा ४७व्या आणि ४८व्या अंकात आली. युनिसेप्टर चार नावाच्या ग्रहावर लोक एका प्राण्याच्या मदतीनं सामूहिक स्वप्नं पाहतात आणि ती स्वप्नं जीवघेणी ठरू लागतात. कल्पना छान आहे. पण याच दोन भागांत शॅरनची व्हर्नर नावाच्या तरुणाशी ओळख होते, मन जुळतं, आणि शेवटी ती त्याच्याबरोबर तिथेच राहायचं ठरवते. डॉक्टर निरोप घेतो. ब्लॅककॅसल, तिथलं घर, फज, सगळं मागे.

हा निरोप विचित्र वाटतो, पण तो एकट्या शॅरनच्या वाट्याला आलेला नाही. ‘डॉक्टर हू’मध्ये तरुण सहप्रवासी मुलीला कथेतून बाहेर काढायचा हा ठरलेला मार्ग होता. १९६४मध्ये डॉक्टरची स्वतःची नात सुझन एका तरुणासाठी भविष्यातल्या पृथ्वीवर मागे राहिली, म्हणजे खरं तर डॉक्टरनंच तिला ठेवलं. १९६५मध्ये विकी ट्रॉयमध्ये राहिली. १९७३मध्ये जो ग्रँट लग्न करून गेली. १९७८मध्ये लीला, जी तोपर्यंत हातात सुरी घेऊन लढत होती, अचानक एका पहारेकऱ्याच्या प्रेमात पडून थांबली. निरोपाचं कारण कथेतून उगवत नसलं की लेखक लग्नाकडे वळत, कारण त्यात कुणी मरत नाही आणि फार समजावून सांगावंही लागत नाही. जोच्या बाबतीत ते मनापासून पटतं, कारण तिच्या निवडीला अख्खी कथा दिलेली आहे. शॅरनला दोन भाग मिळाले, आणि त्याच्या थोडंच आधी तिची चार वर्षं काढून घेतलेली. दयेपोटी एका अनोळखी जिवाला घरात घेणाऱ्या मुलीला याहून चांगला निरोप द्यायला हवा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

आता तिसरा मुद्दा, जो नव्या वाचकांना सगळ्यात गोंधळात टाकतो. एखाद्या कथाविश्वात टीव्ही मालिका, कादंबऱ्या, ध्वनिनाट्यं, कॉमिक अशी शेकडो कामं असतात. त्यातलं कुठलं ‘खरोखर घडलं’ असं मानायचं? इंग्रजीत अधिकृत मानलेल्या भागाला कॅनन म्हणतात, आणि चाहते त्यावर तावातावानं भांडतात. काही कंपन्या हे स्वतः जाहीर करतात. उदाहरणार्थ, ‘स्टार वॉर्स’च्या लुकासफिल्म कंपनीनं एप्रिल २०१४मध्ये सांगून टाकलं की आतापर्यंतच्या बहुतेक कादंबऱ्या आणि कॉमिक ही यापुढे दंतकथा समजा. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’च्या बाबतीत अशी रेघ कधीच मारली नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे कीर्तनावरून चटकन कळेल. पोथीत एखाद्या पात्राच्या दोन ओव्या असतात. कीर्तनकार उत्तररंगात त्याच पात्राचं तासभराचं आख्यान रंगवतो, पोथीत नसलेले संवाद घालतो. श्रोत्यांना दोन्हींतला फरक माहीत असतो, पण आख्यान खोटं आहे म्हणून कुणी उठून जात नाही. ‘डॉक्टर हू’चे टीव्ही भाग ही पोथी, आणि कॉमिक हे आख्यान.

पण रेघ मारलेली नसली तरी उतरंड असतेच. टीव्ही भाग लाखो लोक पाहतात, कॉमिक त्यामानानं मूठभर लोक वाचतात. त्यामुळे कॉमिकनं टीव्हीशी जुळवून घ्यायचं, टीव्हीनं कॉमिकशी जुळवून घ्यायची गरज नाही. टीव्हीवाल्यांनी एखादं नाव उचललं की त्या पात्राचं नशीब बदलतं. २०१३च्या ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ या छोट्या भागात आठवा डॉक्टर मरणापूर्वी आपल्या पाच मित्रांची नावं घेतो, आणि ते पाचही जण ध्वनिनाट्यांमधले सहप्रवासी आहेत. एका वाक्यानं त्यांना टीव्हीच्या अंगणात जागा मिळाली. २०१४च्या ‘टाइम हाइस्ट’मध्ये अॅब्सलॉम डाक या कॉमिकमधल्या डॅलेक-मारणाऱ्याचा फोटो क्षणभर पडद्यावर दिसला. तोही १९८०चाच, त्याच साप्ताहिकातला.

शॅरनला असं वाक्य अजून मिळालेलं नाही. टीव्हीवर मिकी स्मिथ २००६मध्ये टार्डिसमधला प्रवासी झाला, २००७मध्ये मार्था जोन्स ही पूर्ण हंगामाची कृष्णवर्णीय सहप्रवासी आली. २०१८मध्ये यास्मिन खान आली, पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश कुटुंबातली. तिच्या आजीच्या तरुणपणावरचा फाळणीचा भाग भारतीय प्रेक्षकानं जरूर पाहावा. प्रत्येक वेळी ‘पहिली’, ‘पहिला’ अशा बातम्या झाल्या. टीव्हीपुरतं ते खरंच होतं. १९८०च्या काळ्यापांढऱ्या पानांची आठवण मात्र जुन्या वाचकांनाच होती.

२०१९मध्ये बिग फिनिश या कंपनीनं ‘द स्टार बीस्ट’चं ध्वनिनाट्य केलं. टॉम बेकर यांनी स्वतः डॉक्टरची भूमिका केली, आणि रिअन स्टारबक यांनी शॅरनला आवाज दिला. जवळजवळ चाळीस वर्षांनी ती बोलली.

मग २५ नोव्हेंबर २०२३. मालिकेला साठ वर्षं झाल्याच्या निमित्तानं केलेल्या तीन विशेष भागांतला पहिला भाग होता ‘द स्टार बीस्ट’. डेव्हिड टेनंट डॉक्टर, कॅथरिन टेट डॉना, म्हणजे डॉक्टरची टीव्हीवरची जुनी सहप्रवासी, बीपला आवाज मिरियम मार्गोलिस यांचा. श्रेयनामावलीत पॅट मिल्स आणि डेव्ह गिबन्स यांची नावं मूळ कथेसाठी होती. बीप होता, रार्थ होते, फज नावाचा मुलगाही होता. अनोळखी जिवाला शेडमध्ये लपवणारी मुलगी मात्र रोझ, डॉनाची लेक. ती भूमिका यास्मिन फिनी यांनी केली.

रोझ हे पात्र मला आवडतं. ती कृष्णवर्णीय आहे, ट्रान्स आहे, आणि घाबरलेल्या परक्याकडे पाहून तिला आधी भीती वाटत नाही, कणव वाटते. म्हणजे शॅरनचं कथेतलं काम, तिचा स्वभाव, तिचं त्या प्रसंगातलं स्थान, सगळं रोझकडे आलं. नाव तेवढं आलं नाही. डॉनाच्या कुटुंबाची गोष्ट सांगायची होती म्हणून हा बदल आवश्यक होता, हे मला पटतं. तरी मित्राचं नाव राहिलं आणि तिचं गेलं, याची चुटपुट लागतेच. शेजारच्या घराच्या पाटीवर ‘डेव्हिस’ लिहिलं असतं तरी चाललं असतं.

शॅरनच्या मूळ कथा वाचायच्या असतील तर पानिनी प्रकाशनानं २००४मध्ये काढलेले दोन संग्रह शोधा: ‘द आयर्न लिजन’ आणि ‘ड्रॅगन्स क्लॉ’. पहिल्या संग्रहात ‘द स्टार बीस्ट’ आहे. ती एकटी वाचली तरी चालते, आधीचं काही माहीत असायची गरज नाही. वाचताना बीपच्या विचारांच्या फुग्यांकडे लक्ष ठेवाच, पण त्याच चौकटींत गिबन्स यांनी शॅरनचा चेहरा कसा काढला आहे तेही थांबून पाहा. ‘ड्रीमर्स ऑफ डेथ’ दुसऱ्या संग्रहात आहे; ती शेवटी वाचा.